सोनालीच्या बटणांवरचे स्टिकर

मंडळी, आज सडक अर्जुनीच्या माझ्या टायपिंग क्लासात एक दानशूर येऊन गेले. मागे फोटो काढणारे चौघे.

माझ्या या बॅचमध्ये सात मुलं आहेत. वाचताना त्यांची अक्षरं उलटसुलट होतात, म्हणून मी त्यांना न बघता टाइप करायला शिकवते. हातांवर ओढणी टाकायची. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, तो बोटांनी शोधायचा आणि तिथून पुढं जायचं. एवढं जमायला सोनालीला तीन महिने लागले.

साहेबांनी भेट काय आणली, तर मोठाल्या अक्षरांचे जाडजूड रंगीत स्टिकर! "बिचाऱ्यांना अक्षरं नीट दिसायला पाहिजेत ना!" मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या लोकांनी ते सगळ्या कीबोर्डांवर चिकटवूनही टाकले. उंचवटे गेले स्टिकरांखाली.

सोनालीनं बोटं फिरवली आणि थांबली.

"काऊन थांबली वो?" मी विचारलं.

"मॅडम, माही जागा हरपली."

"अरे बेटा, ये रहा एफ, लालवाला!" म्हणत साहेबांनी तिचं बोट धरून बटण दाबलं. फोटोसाठी.

तिनं हात सोडवला. नखानं एफ आणि जे, दोनच स्टिकर काढले आणि साहेबांच्या तळहातावर ठेवले.

"घ्या, तुमालेच लागतीन. तुमी पाहून करता ना."

हा फोटो मात्र चौघांपैकी एकानंही काढला नाही.

द्यायच्या आधी एकदा विचारायला यांच्या तोंडाला काय होतं हो?