एसटीची पायरी

रुख्माला एसटीत चढायचं होतं. एकटीनं.

गोंदियाच्या दवाखान्यात, लकवा झालेल्यांना पुन्हा हातापायानं कामं करायला शिकवणाऱ्या रंजितानं पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, तुम्हाला काय करता यायला हवं?"

उत्तर नवऱ्यानं, दुधरामनं दिलं. "चुलीजवळ बसली पायजे. आपल्या हातानं जेवली पायजे. आणखी काय?"

"काका, मी मावशींना विचारते आहे."

लकव्यानं रुख्माची उजवी बाजू गेली होती. जीभही जड झाली होती. शब्द यायला वेळ लागला. "एसटीत चढाचं हाय."

दुधराम हसला. "कुठी चालली? दिल्लीले?"

कुठं ते तिनं सांगितलं नाही. तिची लेक चंदा अर्जुनी मोरगावला होती. चंदानं संघदीपशी लग्न केलं, बौद्धांच्या घरात गेली, तेव्हा दुधराम ओरडला नव्हता. त्यानं भिंतीवरचा तिचा फोटो काढला आणि त्या खिळ्याला कॅलेंडर लावलं. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही. रुख्मा मात्र बहिणीकडं जाते म्हणून निघायची, अर्जुनीची गाडी धरायची आणि दिवस मावळायच्या आत परतायची. आता तिला तिथं कोण नेणार होतं?

रंजितानं एसटीच्या पायरीएवढे लाकडी खोके रचले. भिंतीला दांडा होताच. "चढताना चांगला पाय आधी. दुसरा मागून."

दुसरा मागून यायचाच नाही. ओल्या पोत्यासारखा लोंबायचा.

"ये ना रे मुडद्या," रुख्मा पायाला म्हणायची. रंजिताला हसू यायचं.

दुधराम बाहेर बाकावर खर्रा चघळत बसायचा. घरी तोच तिला घास भरवायचा. वेणीही घालायचा, वाकडी. तिला ते सगळ्यात जड जायचं.

एके दिवशी पाय आला. रुख्मा वर उभी राहिली.

"आता तरी सांगा, कुठं जायचंय?"

"लेकीकडं. अर्जुनीले." आनंदात तोंडून निघून गेलं. कोणाले सांगू नोको, हे पुढचं वाक्य जिभेवर येईपर्यंत रंजिता दारात पोचली होती.

"काका, मावशी चढल्या. आता लेकीकडं अर्जुनीला जाऊ द्या त्यांना. उतरायचं पुढच्या वेळी शिकवते."

दुधराम उठला. "बरं," म्हणाला. तिला ऑटोत बसवलं. घरी आल्यावर म्हणाला, "झालं तेवढं बस झालं. दवाखान्यात नाई जाचं आता."

"काऊन?"

"मी भरवून राहिलो ना तुले? काय कमी हाय?"

याचं उत्तर तिच्याकडं होतं. जिभेला ते उचललं नाही.

थोड्या दिवसांनी दुधराम शेतावर गेला आणि रुख्मा काठी टेकत रस्त्यावर आली. अर्जुनीची गाडी थांबली. तिनं डाव्या हातानं दांडा धरला. डावा पाय वर ठेवला. उजवा खालीच राहिला.

"लवकर मावशी, उशीर होऊन राहिला गाडीले." कंडक्टरनं हात पुढं केला.

तिनं मान हलवली. "ये रे मुडद्या."

पाय आला.

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा खिडकीतून दुधराम दिसला. बांधावर उभा होता. त्यानंही तिला पाहिलं. पळाला नाही. हाकही मारली नाही. संध्याकाळी तो दार उघडेल की नाही, तिला कळेना.

अर्जुनीला लोक भराभर उतरले. रुख्मा शेवटी दारात आली. दांडा घट्ट धरला आणि खाली पाहिलं. जमीन फार खोल होती. उतरताना आधी कोणता पाय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.