न झाडलेलं अंगण

मी नि सोपान कराचीला निघालो तेव्हा आईनं दोघांच्या हातावर दही घातलं आणि आनशीला बजावलं, "पोरं नसरापुरात पोचंस्तवर केरसुणीला हात लावू नगं." गेल्या माणसाच्या पाठी लगेच झाडलं तर माणूस परत येत नाही, हे आमच्या वेल्ह्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. पण भाऊबीज कालच झालेली. अंगणभर विस्कटलेली रांगोळी नि पाडव्याला मांडलेले, आता कोंबड्यांनी उकरलेले शेणाचे पांडव. आनशी आमची धाकटी बहीण, अकरा वर्षांची, कामाची भारी हौस. आम्ही पाणंद ओलांडतोय तोवर तिनं अंगण लख्ख झाडून काढलं. हे मला पुढं पत्रातून कळलं.

मी कराचीच्या गोदीत दोन वर्षं काढून रजेवर आलो होतो. अंगात खाकी कोट, तोंडात फोरमन, ओव्हरटाइम असले शब्द. गावात नुसता भाव खात हिंडत होतो. सोपानला, आमच्या मधल्या भावाला, सोबत नेतो आणि कामाला लावतो, असं सगळ्यांदेखत सांगून बसलो. वडील नव्हते, त्यामुळं घरात माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

सोपान आठ महिन्यांत गेला. मुदतीचा ताप. एकविसाव्या दिवशी उतरेल म्हणत होते, उतरला नाही. त्याला तिथंच अग्नी दिला आणि घरी मौतीचं, कोपरा फाडलेलं कार्ड टाकलं. कार्ड ऐकून आई आनशीला म्हणाली, "तूच झाडलंस त्याला घरातनं." पुन्हा कधी म्हणाली नाही म्हणतात. एकदा पुरे होतं.

मग वर्षं गेली. लग्न झालं, क्वार्टर मिळालं, नळाचं पाणी आलं. पोरं निम्मं सिंधी, निम्मं हिंदुस्थानी बोलतात, नाचणीची भाकर बघून तोंडं वाकडी करतात. पहाटे रस्ता झाडणाऱ्याच्या खराट्याचा आवाज आला की मी उठून बसतो. बायको म्हणते, "अहो, झाडूवाला आहे." झाडूवाला आहे हे मलाही कळतं.

आई गेली तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती, जाणं जमलं नाही. लढाई संपल्यावर दिवाळीला एकटाच गेलो. बोटीनं मुंबई, रेल्वेनं पुणं, मोटारीनं नसरापूर, तिथून पायी. आनशी नि तिचा नवरा आता आमच्याच घरात राहून शेती बघतात. अंगणात पाऊल टाकलं तर पाचोळा, कडबा, शेंगांची टरफलं. घोट्यापर्यंत घाण. दाजी हसून म्हणाले, "घरातनं कुणीबी भायेर पडलं की दोन दिस झाडायचं न्हाई, असा हिचा कायदा. म्या बाजारला गेलो तरी. गावात आमच्या अंगणाचं नाव निघतंय." आनशी हसली नाही. तिशी ओलांडलेली बाई, पण हाताला केरसुणी लागली की आधी वाटेकडं बघायची.

भाऊबिजेला तिनं पाट दोन मांडले. मला ओवाळलं, तबक खाली ठेवलं आणि रिकाम्या पाटाकडं बघत म्हणाली, "दादा, आई म्हणली ते खरंच हाय. म्याच घालवला त्याला."

इतकी वर्षं मी गप्प होतो. त्या पाटासमोर गप्प बसणं मला झेपलं नाही.

मी सांगितलं. त्या दिवशी मार्गासनीच्या अलीकडं ओढ्यापाशी सोपान खाली बसला होता. म्हणाला, "दादा, मला न्हाई यायचं. म्या माघारी जातो." मी म्हणालो, लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तरी उठेना. तेव्हा मी त्याचं बोचकं उचललं आणि चालू लागलो. त्याचं दुसरं धोतर, आईच्या करंज्या, सगळं त्यातच. थोड्या वेळानं वासरू यावं तसा मागं आला.

आनशीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आई जिती व्हती तवा का न्हाई सांगितलंस?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. केरसुणीवर आळ आला आणि मी सुटलो, म्हणून.

ती उठून चुलीपाशी गेली. दिवसभर कामापुरतं बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. तिनं हातावर दही घातलं, अगदी आईसारखं, बोटं न लावता. मी पायरी उतरलो, अंगण ओलांडलं, पाणंदीला लागलो. तेवढ्यात मागून खर्र खर्र आवाज आला. वळून बघितलं. आनशी कमरेत वाकून झाडत होती, घरापासून वाटेकडं, माझ्याच दिशेनं. मान वर केली नाही. पाचोळ्याचा ढीग माझ्यामागं पाणंदीपर्यंत आला.

आता तिचा मुलगा पत्र लिहितो. सगळी खुशाली असते. "दिवाळीला या" एवढं मात्र नसतं, पूर्वी दरवेळी असायचं.

धाकट्यांना ओढत परमुलखात आणलेले माझ्यासारखे इथं पुष्कळ आहेत. घर म्हणजे काय, हे ते आपापलं सांगतील. माझं घर म्हणजे तो पाठीमागचा आवाज. ती स्वतःला मोकळं करत होती की मला घालवत होती, हे तिलाच विचारावं लागेल. त्यासाठी घरी जायला हवं. पाणंदीपर्यंत जाण्याचं बळ मला अजून आलेलं नाही.