गाळलेला कांदा

वत्सला तारकर यांच्या मुलाखतीतून मी कांदा गाळला. चूक एवढीच. बाकी लेखात काही खोटं नव्हतं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

वत्सलाबाई म्हणजे व्यावसायिक नाटकांतली हक्काची रडणारी आई. तिसऱ्या अंकात मुलगा घर सोडून निघाला की आधी त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचं. मग मान वळवून उजव्या. "उजवीकडच्या प्रेक्षकांनी काय पाप केलंय रे?" असं त्यांचं म्हणणं. पडदा पडला की पदराने गाल पुसत पहिला प्रश्न, "चहा गरम आहे ना?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका दिवाळी अंकासाठी मी चार पानं प्रश्न घेऊन मुलुंडला त्यांच्या घरी गेलो. बाईंनी मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं आणि स्वतः कांद्यांची टोपली घेऊन विळीवर बसल्या. "तू विचार. हात रिकामे राहिले की मी अभिनय करायला लागते."

त्या दिवशी त्यांनी अजिबात अभिनय केला नाही. मुलगी नाटकात गेली म्हणून गिरणीतल्या वडिलांनी अबोला धरला, तो सांगितला. सोडून गेलेल्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या, "माणूस चांगला होता. त्याला घरात बायको हवी होती, मी सदानकदा दौऱ्यावर. त्याचं चुकलं नाही. माझंही नाही." मग मुलीचा, शुभाचा विषय निघाला. ती चार वर्षांची असल्यापासून तिला घाटकोपरला बहिणीकडे ठेवून बाई दौऱ्यांवर जात.

"एकदा तर तापात सोडून गेले. वाईट वाटलं? वाटलं. पुन्हा करशील का विचारलंस, तर करीन. शुभाला हे मी तोंडावर सांगितलंय."

बोलताना त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. समोर सहा कांदे चिरून पडले होते. मी लेखात लिहिलं, 'बाईंचे डोळे भरून आले. मातृहृदयाने दिलेली ती मूक कबुली होती.' त्या अश्रूंपुढे 'पुन्हा करीन' जरा कोरडं वाटलं, म्हणून तेही काढलं. संपादक खूश झाले. मी तर आठवडाभर हवेत होतो.

तेव्हा मुलुंडला फोन मजल्याला एखादाच असायचा. अंक निघाल्यावर बाईंनी शेजाऱ्यांकडून फोन केला. "मेल्या, माझा कांदा कुठाय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"शुभाने वाचलं. म्हणाली, माझ्यापुढे कधी रडली नाहीस, छापून यायला रडलीस. मग मला सांगितलंस ते खरं, की त्या लेखकाला दाखवलंस ते? दर गुरुवारी येते, ह्या गुरुवारी आली नाही." मग म्हणाल्या, "पोरीला मी वेळ दिला नाही रे, पण खोटं कधी दिलं नव्हतं. ते तू दिलंस."

दुसऱ्याच दिवशी मुलाखतीची वही घेऊन मी अंधेरीला शुभाच्या दारात उभा राहिलो. वहीच्या समासात माझ्याच अक्षरात होतं, 'कांदे सहा. डोळ्यांतून धारा.' त्याखाली, 'पुन्हा करीन.' शुभाने उभ्याउभ्याच वाचलं.

"हे का गाळलंत?"

"शोभत नव्हतं."

"कोणाला?"

तिचं बोट 'पुन्हा करीन' वर होतं. मग वही माझ्या हातात देऊन तिने चपला घातल्या. "मी आईकडे चाललेय. तुम्ही निघा आता."

बाईंनी मला तोडलं नाही. उलट चारचौघांत ओळख करून द्यायच्या, "हा लेखक. ह्याच्यासमोर कांदा चिरू नका." मी नवीन काही लिहिलं की विचारायच्या, "ह्यात किती जणांना रडवलंस?" रंगमंचावर मोजूनमापून दोन्ही डोळ्यांनी रडणारी ही बाई घरात मात्र एक थेंब खोटा खपवून घेत नसे. एवढं खरं बोलायला किती ताकद लागते, ते मला फार उशिरा कळलं.

बाई गेल्या तेव्हा मी मुलुंडला गेलो. शुभा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून एकटीच उभी होती. डोळ्यांना धार लागली होती. माझी नजर उगाच कोपऱ्यातल्या विळीकडे गेली आणि तिने ती नेमकी पकडली.

"बघताय काय? कांदा नाहीये इथे," ती म्हणाली. "पण तुमचा काय भरवसा! ह्या वेळी लिहिताना नेमका घालाल."