वाढीचं दुखणं

मालगुंडच्या कातळावर लाल माती पसरून केलेल्या मैदानात शिवलकर सर हयातभर खो-खो शिकवत आले. पोराने पाय दुखतो म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे : "वाढीचं दुखणं ते! पळालास की जिरेल."

चौदा वर्षांचा स्वरूप त्या वर्षी चांगला वीतभर वाढला. त्याच्या गुडघ्याखाली टेंगूळ आलं. रांगेत उकिडवा बसला की उठताना तो ओठ चावायचा. सरांनी तेल चोळायला सांगितलं आणि वर चार फेऱ्या जास्त दिल्या. निवड चाचणीच्या दिवशी खो मिळताच पोरगं उसळलं आणि तिथेच कोसळलं. गुडघ्याखालचं कोवळं हाड सुटलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "वाढीचंच दुखणं होतं, सर. म्हणून तर थांबवायचं होतं."

हाड जुळलं, पण स्वरूप पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही. तेव्हापासून झपाट्याने उंच होणाऱ्या मुलांना सर बेताने पळवतात आणि दुखतं म्हणणाऱ्याला सरळ बाजूला बसवतात.

काल त्यांनी ईशाला बसवलं. तिची आई तणतणत आली. एके काळी तीही सरांच्याच संघात खेळलेली.

"सर, तिला कशाला बसवलंत? वाढीचं दुखणं ते, पळाली की जिरेल. तुम्हीच नाय का आम्हाला सांगायचात?"

ईशा उठली आणि लंगडत रांगेत जाऊन उकिडवी बसली.