बिनपाइपाचा बांध

मुलुंडला आमच्या वस्तीच्या मागे जो डोंगर चढतो, त्यावर पाण्याचा अभ्यास करायचं केंद्र बांधायला घेतलं होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, यंत्रांसाठी एक चौथरा आणि ओढ्यात दोन बुटके बांध. मला वाटलं, पाणी साठवायचं असेल. कामावर एक मॅडम यायच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, साठवायचं नाही, मोजायचं. डोंगरावर पडलेलं पाणी जंगल किती धरून ठेवतं, ओढ्यातून किती खाली येतं आणि त्याच्यावर झाडं, मासे, बेडूक कसे जगतात, ते त्यांना बघायचं होतं.

मी तिथे बिगारी होते. रेती-सिमेंट डोक्यावरून वर न्यायचं, माल कालवायचा, मिस्त्रींच्या हाताला दगड द्यायचा. इतकी वर्षं हेच केलं. दगड हातात घेतला की तो कुठे बसेल ते कळायचं, पण थापी कधी धरली नव्हती. बाईकडे घमेलं आणि पुरुषाकडे थापी, हे आमच्यात कोणी सांगत नाही, ते तसंच चालत आलेलं असतं. मला मात्र थापी हवी होती. हे मी घरीसुद्धा बोलले नव्हते. चार माणसांत तोंड उघडलं की माझे कान गरम होतात.

मिस्त्री मालवणकडचे, माझ्या नवऱ्याच्या गावचे, मला वयनी म्हणणारे. खालच्या बांधाचा पाया भरून झाला आणि त्यांनी पिशवी भरायला घेतली.

"अरे, पाया उघडा टाकून चाललास कुठे?" मुकादमाने विचारलं.

"शिमगो इलो. पालखी माझ्या दारात येतली आणि मी हय सिमेंट कालवत बसू?"

"परत कधी येणार?"

"देव सोडीत तेव्हा."

मुकादम कपाळाला हात लावून गोणीवर बसला. पावसाच्या आत दोन्ही बांध उभे राहायला हवे होते. ओढा भरला की काम सरलं. आणि शिमग्यात दुसरा मिस्त्री आणायचा तर तोही कोकणातलाच, तोही गावाला.

"मी घालते हा बांध," मी म्हणाले.

मुकादमाने आधी मागे वळून पाहिलं. मग माझ्याकडे.

"तू? तुझा आवाज आज पहिल्यांदा ऐकतोय मी."

मी खाली बघत उभी राहिले, पण हलले नाही.

"घाल बाई. पण आधीच सांगतो. गळला नाही, तर वरचा बांध पण तुझा. गळला तर मुकाट घमेलं उचलायचं, परत थापीचं नाव काढायचं नाही."

मिस्त्री हसत होते. "वयनी, ओळंब्यार नजर ठेव," असं म्हणून त्यांनी आपली थापी माझ्या घमेल्यात टाकली आणि डोंगर उतरले.

ओढ्याला उन्हाळ्यातही करंगळीएवढी धार असते. ती रेतीच्या गोण्या लावून बाजूने वळवली होती. कोरड्या जागेत मी दगड लावत गेले. आधी माल जास्त पडायचा, मग हात बसला. दोन थर झाले, तशी मी तळाशी एक पाइप आडवा ठेवला आणि पुढचा थर चढवला. आमच्या वस्तीत डोंगराला टेकून जितक्या भिंती आहेत, त्या प्रत्येकीत पाइप असतो. आतलं पाणी बाहेर पडलं नाही तर भिंत घरावर येते, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. मी विचार करून ठेवलाच नाही, हाताने ठेवला.

मॅडम आल्या आणि वाकून बघू लागल्या.

"काकू, हा पाइप कशाला?"

"पाण्याला वाट नको?"

"वाट वर आहे." त्यांनी पत्र्याची पाटी दाखवली, मधोमध तिकोनी खाच कापलेली. "ही वर बसवायची. सगळं पाणी या खाचेतूनच जायला हवं. खाचेत ते किती उंच चढलं, त्यावरून मी ओढा मोजणार. खालून गेलेलं मला कळणारच नाही."

"आणि भिंत पडली तर?"

"कमरेएवढी तर आहे. पाणी वरून निघून जाईल. मागे माती नाही, डोंगर नाही."

पटलं.

"झालं, वाट लागली," मुकादम म्हणाला. "पाइपात सिमेंट ठास आणि पुढे चल."

ते सोपं होतं. पण पाइप गुळगुळीत, त्याच्या अंगाला माल धरत नाही. तिथून पाझर फुटलाच असता.

"काढते," मी म्हणाले.

"वरचा सगळा थर जाईल."

"जाऊ दे."

छिन्नी-हातोडा घेऊन मी माझेच दगड उपटले. माल आवळला होता. तळहाताची साल निघाली. पाइप निघाला तो बाजूला झुडपात टाकला. दगड घासून धुतले आणि पुन्हा तळापासून लावत आले. खाचेची पाटी बसवताना मॅडमनी लेव्हलच्या नळीचं एक टोक धरलं, दुसरं मी.

बांध सुकला, तशा गोण्या काढल्या. धार बारीक, भरायला वेळ लागणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी वर गेले. बांधामागे पाणी चढलं होतं आणि खाचेच्या टोकातून दोऱ्यासारखं खाली पडत होतं. मी पुढच्या बाजूला बसून दगडांचा एकेक सांधा हाताने चाचपला. कोरडा. धार पडत होती तेवढी जागा सोडली, तर पायथ्याची रेतीही कोरडी. मुकादम आला, त्यानेही चाचपलं. मग वरच्या बांधाच्या आखणीची दोरी माझ्या हातात दिली.

मिस्त्री आले तेव्हा वरचा पाया भरून झाला होता. त्यांनी प्रसादाचं खोबरं दिलं, खालचा बांध वाकून पाहिला.

"पायप खय?"

"नाही ठेवायचा." का ते मी सांगितलं. सलग इतकं बोलले, माझं मलाच नवल वाटलं.

त्यांनी थापीसाठी हात पुढे केला. मी ती धुऊन ठेवली होती, दिली. मग माझ्या पिशवीतून माझी काढली, नवी, लाकडी मुठीची.

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. "मगे घमेला कोण उचलतलो?"

"आधी तुम्ही," मी म्हणाले. "मग मी."

ते हसले, पण घमेलं उचललं. त्या दिवशी बांधाच्या एका टोकाकडून ते दगड लावत आले आणि दुसऱ्या टोकाकडून मी.