खुशालीची रिंग

"असं कसं? काल संध्याकाळीच तर ह्यांनी फोन कापला!"

विश्वास गेल्याचं मी सांगितलं तेव्हा वहिनींच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. कंपनीच्या ऑफिसातून सकाळीच मला निरोप आला होता. विश्वास थायलंडमध्ये कामावर असतानाच हृदयविकारानं गेला, आणि तेही काल नव्हे, परवा दुपारी. कागदपत्रांच्या घोळात कळवायला उशीर झाला म्हणे. नगरला, सावेडीतल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत मी नुसता उभा होतो. वहिनी रडल्या नाहीत, टेबलावरच्या फोनकडे बघत राहिल्या.

फोन कापण्याची ही काय भानगड, ते सांगायला हवं. विश्वास मूळचा पारनेरचा, माझा शाळेपासूनचा मित्र. साखर कारखान्यांची यंत्रं बसवणं हे त्याचं काम. पहिल्यांदा परदेशी पाठवताना कंपनीनं हातात मोबाईल दिला, तेव्हा स्वारी हवेत होती. वहिनी घरून रोज फोन लावायच्या आणि दोघं मनसोक्त बोलायचे. नंबर इथलाच, त्यामुळे वहिनींना वाटे, पुण्याला लावल्यासारखाच हा फोन. परतल्यावर बिल आलं आणि कळलं की परदेशात नुसता आलेला फोन उचलला तरी भुर्दंड उचलणाऱ्यालाच. पगाराचा बराचसा भाग त्यातच गेला. "फोन तिनं करायचा, उचलायचा मी, आणि खिसा माझाच कापायचा? हा कुठला न्याय रे?" असं म्हणत विश्वासनं दिल्लीला अर्ज धाडायला सुरुवात केली. उसाचा भाव ठरवून देता, रेल्वेचं तिकीट ठरवून देता, मग परदेशातल्या मोबाईलच्या दरालाच मोकळं रान का, असा त्याचा सवाल. आम्ही त्याला 'रोमिंगमंत्री' म्हणायचो. त्यालाही ते मनातून आवडायचं. एका अर्जाची पोच आली, उत्तर मात्र कधीच आलं नाही, आणि दर आजही होते तिथेच आहेत.

सरकार काही करेना, तेव्हा नवराबायकोनं घरापुरता कायदा केला. दिवेलागणीला वहिनींनी फोन लावायचा आणि तिकडे त्यानं न उचलता कापायचा. कापला म्हणजे खुशाल. उचललाच, तर काहीतरी अडलंय असं समजायचं. फोन कापला गेल्याशिवाय वहिनी जेवायला बसत नसत. "नवरा रोज फोन कापतो आणि बायको खूश, असं जोडपं अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचं नाही," मी एकदा चिडवलं. त्या हसून म्हणाल्या, "कापू द्या हो भावजी. माणूस हाय, एवढं कळलं की बास."

म्हणूनच त्या दोन संध्याकाळी माझा पिच्छा सोडेनात. विश्वास दुपारी गेला. त्याच दिवशी संध्याकाळी फोन कापला गेला, दुसऱ्या दिवशीही कापला गेला. मग ती खुशाली कळवली कुणी? वहिनी भेटतील तेव्हा हेच विचारत. त्या वेळी ते खरंच असतील का हो, कंपनीचीच काही चूक असेल का...

शेवटी मी कोल्हारला सदाशिवकडे गेलो. तो तिकडे विश्वासच्या हाताखाली होता, शवपेटीबरोबर तोच आला होता. मी विषय काढताच त्याचा बांध फुटला. "सायबांनी सांगून ठेवलं हुतं, मी यंत्राखाली असलो तर तू कापत जा, न्हाईतर ती उपाशी बसंल. त्या दिवशी सायेब दवाखान्यात पांढऱ्या चादरीखाली, आन् फोन माझ्या हातात वाजाया लागला. वर कंपनीची ताकीद, घरी आमीच कळवू. उचलून काय सांगू? कापला, दादा."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. "म्हणजे दोन्ही दिवस तूच होतास तर."

सदाशिवनं डोळे पुसले आणि माझ्याकडे नवलानं पाहिलं. "दोन्ही? न्हाई, एकच दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलिसांनी फोन बंद करून बाकीच्या सामानासंगं सील केला. माझ्यासमोर."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. नगरला परतल्यावर एका जाणकाराला विचारलं. बंद फोनवर रिंगच जात नाही, असं तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, यंत्रणेत काहीतरी गडबड झाली असेल. असेल बुवा. मी ठरवलं, वहिनींना फक्त पहिल्या दिवसाचं सांगायचं. दुसऱ्याचं सांगून त्या बाईच्या जिवाला आणखी घोर कशाला?

गेल्या आठवड्यात सावेडीला गेलो. वहिनींनी चहा ठेवला, समोर बसल्या. मी विषय काढणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "भावजी, इतके दिवस मनात ठेवलं. पहिल्या दिवशी फोन कापला तो ह्यांनी न्हाई."

मी दचकलो. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगाया पायजे? दुसरी रिंग हे कधी पुरी होऊ देत नव्हते. त्या दिवशी लई वेळ वाजला, मग कापला. हात दुसऱ्याचा हुता. कायतरी वंगाळ झालंय, मला तवाच कळलं. ताट झाकून ठेवलं आन् तशीच पडले."

"आणि... दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी?" वहिनींच्या चेहऱ्यावर विश्वास गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसू पाहिलं. "दुसरी रिंग अर्ध्यात हुती, तेवढ्यात कापला. तो ह्यांनीच. म्हणून तर जेवले मी."