बाईचं कडवं

माझे थोरले साडू ज्या गाण्याच्या मागे लागले, ते गाणं तेवढं अजून ताजंतवानं आहे. बाकी आम्हा सगळ्यांना त्यांनी पार दमवून टाकलं. मला सर्वांत जास्त. मी दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसणारा माणूस. रविवारी दुपारी जेवून घटकाभर आडवं व्हावं, एवढीच माझी आयुष्याकडून मागणी. नेमकं तेव्हाच फाटक वाजतं आणि साडूभाऊ चपला काढता काढताच म्हणतात, "पाव्हणं, काल होटगी रोडला एका लग्नात ऐकलं की. पुना कापलं त्येंनी." काय कापलं, हे विचारायची गरज आता उरलेली नाही. बायको आत चहा टाकते आणि मी उशी बाजूला सारून उठून बसतो.

ते गाणं कॅसेटच्या जमान्यातलं. चांगलं लांबलचक. एक माणूस पोटासाठी गाव सोडून निघालाय आणि उंबऱ्यात उभा राहून बायकोला समजावतोय. आधी नुसती बासरी आणि त्याचं पुटपुटणं, मग वचनांवर वचनं, मग ढोल सुरू होतो आणि तो चिडतो, भांडतो, उलट तिलाच दोष देतो. मग सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि शेवटचं कडवं ती म्हणते. चारच ओळी. जा म्हणते, पण दाराला कडी काही मी लावायची नाही. हे गाणं कसं तयार झालं याची हकिगत साडूभाऊ दर वेळी नव्याने सांगतात. कधी गायिका तापाने फणफणलेली असते, कधी संगीतकाराचं घरी भांडण झालेलं असतं, तर कधी ते कडवं मुळात नव्हतंच आणि स्टुडिओत चहा येईपर्यंत कुणीतरी लिहून काढलेलं असतं. मी एकदा म्हणालो, "गेल्या खेपेला तर ताप होता." ते शांतपणे म्हणाले, "ताप बी होता की."

हे गाणं ज्याला जेवढं झेपलं तेवढं त्याने उचललं. बँडवाल्यांनी ढोलाचा भाग घेतला, गॅदरिंगच्या पोरींनी वचनांचा, डीजेने नुसतं भांडण. नवरात्रात कुणीतरी तीच चाल देवीच्या गाण्याला लावली आणि आमच्या गल्लीला झोप मिळेनाशी झाली. प्रत्येकाला त्यात आपल्यापुरतं काहीतरी सापडतं, म्हणून ते मरत नाही, असं साडूभाऊंचं मत. पण बाईचं कडवं कुणी घेत नाही. बँडमध्ये गाणारी बाई नसते आणि तोवर मांडवाचं दार आलेलं असतं. तरी साडूभाऊ आशेने मंद्रूपपासून दुधनीपर्यंत कुणाच्याही लग्नात जाऊन उभे राहतात. यजमानाने पंगतीला बोलावलं तर "आमी जेवायला न्हाय आलो" असं त्यालाच ऐकवतात. दुधनीला एका म्हाताऱ्याने त्यांना कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. त्यांनी उत्तर म्हणून चाल गुणगुणून दाखवली. म्हाताऱ्याने त्यांना नवरीकडचा कुणी मानाचा पाहुणा समजून फेटा बांधला, आणि तो फेटा बांधूनच ते रविवारी आमच्याकडे आले.

यामागचं कारण मेव्हणीने एकदा सांगितलं. साडूभाऊंचं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. कान चाललेत. बारीक आवाज आधी जातात म्हणे, बायकांचे, पाखरांचे. पोरीने कानाचं यंत्र घेऊन दिलंय, ते शिट्टी मारतं म्हणून शर्टाच्या खिशात असतं. "माजं बोलणं ऐकू आलं न्हाय तर चालतंय त्येंना," मेव्हणी म्हणाली, "पर त्ये कडवं एकदा समोर उभं ऱ्हाऊन ऐकायचंय. कान जायच्या आत." हे सांगताना ती हसली. मला हसता आलं नाही.

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगा मंद्रूपचा. साडूभाऊंनी भटजींच्या आधी बँड ठरवला आणि एका ऑर्केस्ट्रातली गाणारी बाई शोधून आणली. आमच्याकडे अक्षतांच्या आधी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जातो आणि वाजतगाजत मांडवात येतो, त्याला परण्या म्हणतात. कार्यालयाला लागूनच एक मारुती होता. साडूभाऊंनी तो रद्द केला आणि लांबचा निवडला, कारण गाणं पुरलं पाहिजे. उन्हात घोडा दमला, करवल्या दमल्या, मी तर केव्हाच दमलो होतो. एवढं करूनही दार आलं तेव्हा ढोल चालूच होता, म्हणजे भांडण संपायचं होतं. नवरदेव घोड्यावरून उतरला. आणि मुलीचा बाप दोन्ही हात पसरून दारात आडवा उभा राहिला.

वरपक्षात कुजबुज सुरू झाली. नवरदेवाच्या चुलत्याने मला बाजूला घेतलं. "पाव्हणं, मुलीच्या बापाची कायतरी मागणी दिसतीया. काय पायजे सांगा की, बघू आमी."

"एक कडवं," मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही.

ढोल थांबला. बाई माईक धरून पुढे आली आणि गायली. इतकी वर्षं या गाण्याला वैतागलेला मी, पण मला रडू आलं. कडवं संपलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, करवल्यांनी साडूभाऊंच्या हाताखालून नवरदेवाला आत नेलं. साडूभाऊ तिथेच, बाईकडे बघत.

"चला साडूभाऊ, अक्षता."

"थांबा की. आता सुरू करंल ती."

बाई माईक बाजूला ठेवून पाणी पीत होती. आतून मुलीच्या वडिलांना बोलवा, बोलवा असा पुकारा चालला होता. साडूभाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचे हात हळूहळू खाली आले. "झालं व्हय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना भिंतीकडे घेतलं, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि कडवं म्हणायला लागलो. मला सूर नाही. वाढपी बादल्या हातात धरून बघत राहिले. साडूभाऊंनी डोळे मिटले होते. तिसऱ्या ओळीनंतर त्यांनी माझं मनगट धरलं. "घाई करू नगा," ते म्हणाले, "तितं ती जरा थांबती."

मी थांबलो. त्यांनी मान हलवल्यावर पुढची ओळ घेतली. ती ओळ अगदी हळू म्हणायची आहे, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलं होतं. मी ती गळ्याच्या शिरा ताणून, जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणालो.